फोल्डर आम्हाला विकत द्या : फोन कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
भारतात स्मार्टफोन विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे विक्रीपश्चात सेवा विभाग

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : ग्राहक व्यवहार विभाग, केंद्र सरकार, नवी दिल्ली

विषय : फुटलेला डिस्प्ले (बाजारच्या भाषेत फोल्डर) घरी बदलण्याच्या कामातले तुम्ही घातलेले अडथळे दूर करण्याबाबत

स.न.वि.वि.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाचा अहवाल दिला. वस्तू उघडायला किती पायऱ्या लागतात, दुरुस्तीची माहिती मिळते का, सुटे भाग वेळेत मिळतात का, हत्यारे कोणती लागतात, स्क्रू आणि क्लिपा कशा आहेत, सॉफ्टवेअर अपडेट किती काळ मिळतात, अशा सहा गोष्टी बघून पाचपैकी गुण द्यायचे, हा त्याचा गाभा. महत्त्वाच्या सुट्या भागांच्या यादीत बॅटरीसोबत डिस्प्ले असेंब्ली आहे. आणि गुण द्यायचे कुणी? तर तुम्हीच, आपापल्या फोनला.

पेपर परीक्षार्थीच तपासणार असेल तर निदान प्रश्न तरी बाहेरच्या कुणी मोठ्याने वाचलेले बरे. म्हणून हे पत्र.

आम्ही फोन उघडणारी माणसे. काही जण घरच्या टेबलावर घरचेच चार-पाच फोन सांभाळतात, काहींचे एसटी स्टँडसमोर चार फुटांचे काउंटर आहे. डिस्प्ले गेलेला फोन मेलेला नसतो, हे आम्ही रोज बघतो. तो वाजतो, थरथरतो, त्यावर ओटीपीही येतो. फक्त वाचता येत नाही. बॅकअप घ्यायचा तर लॉक उघडायला हवे आणि लॉक उघडायला टच हवा. ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे त्या घराचे पैसे, गॅसचे बुकिंग, पोरांच्या शाळेचा ग्रुप, सगळे त्या काळ्या काचेमागे अडकते. अशा माणसापुढे ‘फोन ठेवून जा, डेटा गेला तर आम्ही जबाबदार नाही’ असा कागद सहीसाठी सरकवला जातो. दुरुस्तीचा आकडा ऐकून तो घरी परततो आणि नवा फोन हप्त्यावर घेतो. जुना, ज्याचे बाकी सगळे ठणठणीत आहे, कपाटाच्या खणात जातो.

तुम्ही ज्याला डिस्प्ले असेंब्ली म्हणता त्याला बाजारात फोल्डर किंवा कॉम्बो म्हणतात. वरची काच, तिच्याखाली टच, त्याखाली पॅनेल, आणि हे सगळे पारदर्शक गमाने एकजीव केलेले. नुसती वरची काच बदलायची तर तापता पत्रा, बारीक तार, व्हॅक्यूममध्ये चिकटवण्याचे यंत्र आणि बुडबुडे काढायचे प्रेशरचे यंत्र लागते. ते घरचे काम नाही, आणि घरी करा असे आम्ही कुणाला सांगतही नाही. आमचे म्हणणे अख्खा फोल्डर बदलण्याबद्दल आहे.

ते काम किती अवघड आहे? प्लास्टिकच्या पाठीचा, एलसीडी पॅनेलचा (म्हणजे पडद्यामागे दिवे असलेला) साधा फोन घेऊ, कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त येतात ते हेच. हात बसलेला माणूस तासाभरात मोकळा होतो, पहिल्यांदा करणाऱ्याने अर्धा दिवस हाताशी ठेवावा. हत्यारे म्हणजे फिलिप्स ००० आणि ०० चे स्क्रूड्रायव्हर, प्लास्टिकचे ओपनर, गिटारच्या पिकसारख्या तीन-चार त्रिकोणी पट्ट्या, सक्शन कप, चिमटा, केस वाळवायचा ड्रायर, ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल, बी-७००० गमाची ट्यूब आणि आठ-दहा रबर बँड. शिवाय एक कोरा कागद. त्यावर फोनचा आराखडा काढायचा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच तो ठेवायचा. हा कागद स्क्रूड्रायव्हरइतकाच महत्त्वाचा. का ते पुढे येईल.

चार्ज २५ टक्क्यांच्या खाली आणून फोन बंद करायचा. सिम ट्रे आधी बाहेर. तो विसरला की पाठ उचलताना ट्रे अडतो आणि ट्रे किंवा पाठ, दोहोंपैकी एक मोडते. मग फटीत पिक घालून क्लिपा एकेक सोडवत जायचे. बोटाच्या ठशाचा सेन्सर पाठीवर असेल तर त्याची रिबन, म्हणजे सपाट पातळ तार, आत मुख्य सर्किट बोर्डाला जोडलेली असते, त्यामुळे पाठ झटक्यात ओढायची नाही, पुस्तकासारखी अलगद उघडायची. नंतर डझनभर स्क्रू आणि त्यांच्याखालचे प्लास्टिकचे झाकण. झाकण निघाले की पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर काढायचा. मगच डिस्प्लेचा.

या क्रमावर जरा थांबतो, कारण ही पायरी अशी आहे की जी चुकली तर बोर्डही जातो. एलसीडीच्या मागच्या दिव्यांना बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज लागते. ते बोर्डावर वाढवून डिस्प्लेच्या कनेक्टरमधूनच पुढे जाते, आणि त्या पिना एकमेकींना इतक्या खेटून असतात की कनेक्टर तिरका बसला तर दोन पिना सहज भिडतात. बॅटरी जोडलेली असताना हे झाले की बॅकलाइटच्या वाटेवरचा फ्यूज किंवा फिल्टर उडतो. तो असतो खसखशीच्या दाण्याएवढा. मग नवा फोल्डर लावला तरी पडदा काळा. अंधारात टॉर्च तिरपा धरून पाहिले की काळ्या काचेत आयकॉन अंधूक दिसतात; म्हणजे चित्र आहे, उजेड नाही. माणसाला वाटते फोल्डर खराब निघाला. तो दुसरा आणतो, तोही तसाच. आता मायक्रोस्कोप आणि हॉट एअरवाला कारागीर गाठावा लागतो. हे सगळे एका ओळीने टळते : ‘आधी बॅटरी सोडवा, शेवटी बॅटरी जोडा.’ ही ओळ तुमच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. ते मॅन्युअल तुमच्यापैकी बहुतेक जण इथल्या ग्राहकाला दाखवत नाहीत.

पुढचे काम चिकाटीचे. फुटलेल्या काचेवर आडव्या-उभ्या रुंद चिकटपट्ट्या लावायच्या, म्हणजे तुकडे उडत नाहीत आणि सक्शन कप धरतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. कडांना ड्रायरची ऊब द्यायची, हात लावला तर चटका बसावा पण प्लास्टिक वाकू नये इतकी, आणि पिक फिरवत जुना फोल्डर सोडवायचा. फ्रेममधली गमाची रेघ आणि काचेची कणी अल्कोहोलने पुसून काढायची. इथे घाई केलेली लगेच कळत नाही. साखरेच्या कणाएवढा तुकडा खाली राहिला तरी आठवड्याभरात पॅनेलवर पांढरा डाग उमटतो, किंवा खिशातल्या दाबाने नवी काच नेमकी तिथूनच तडकते. फ्रेमचा कोपरा आत दबलेला असेल तर तो आधी सरळ करायचा. तसाच ठेवून वर नवा फोल्डर दाबला की नवी काचही त्याच कोपऱ्यात जाते.

गम लावण्याआधी नवा फोल्डर नुसता जोडून बघायचा. पांढरा, लाल, हिरवा, निळा रंग, एक आयकॉन धरून पडद्याच्या प्रत्येक कोपऱ्यातून फिरवणे, कॉल लावून कानाजवळ पडदा बंद होतो का ते पाहणे. सॅमसंगच्या फोनमध्ये डायलरवर स्टार-हॅश-शून्य-स्टार-हॅश दाबले की ही चाचणी एका जागी मिळते. सगळे ठीक असेल तर बॅटरी पुन्हा सोडवायची, नव्या फोल्डरची रिबन फ्रेमच्या खाचेतून ओवायची, कडेने गमाची दोऱ्याएवढी रेघ फिरवायची. इअरपीसच्या जाळीपाशी रेघ तोडायची, नाहीतर गम जाळीत उतरतो आणि समोरच्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. पाच मिनिटे थांबून फोल्डर बसवायचा, रबर बँड लावायचे आणि चोवीस तास फोनला हात लावायचा नाही. जून-जुलैत कोकणात हेच काम करणाऱ्याने फ्रेम ड्रायरने आधी कोरडी करून घ्यावी. ओलसर फ्रेमवर गम नीट धरत नाही आणि महिन्याभरात एक कड सुटते.

एवढेच. शिवणयंत्राची शटल उघडून साफ करणाऱ्या, मिक्सरचा कपलर बदलणाऱ्या घराला हे जमणार नाही, असे मानायला काही कारण नाही.

आता तुमच्याबद्दल. वरच्या कामातला नाजूकपणा आम्हाला मान्य आहे. काच पातळ असणार, रिबन कागदासारखी असणार, पाणी आत जाऊ नये म्हणून गम लागणार. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या गोष्टींबद्दल. त्या काचेच्या किंवा गमाच्या स्वभावातून आलेल्या नाहीत. कुणीतरी बैठकीत बसून ठरवलेल्या आहेत.

पहिली आणि सगळ्यात मोठी : फोल्डर तुमच्यापैकी बहुतेक जण सुटा विकतच नाहीत. काही कंपन्या आपल्या संकेतस्थळावर डिस्प्लेची किंमत देतात, हे चांगले आहे. पण सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर त्याच किमतीत तो भाग मागा, उत्तर मिळते की फोन जमा करा, आम्हीच बसवू. मग माणूस लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत जातो, नाहीतर ऑनलाइन मागवतो. तिथे त्याला शब्द ऐकू येतात : ओरिजिनल, ओजी, फर्स्ट कॉपी, इनसेल, ओलेड. या शब्दांना कसलेही मानक नाही. एकाच फोल्डरला एका दुकानात ओजी म्हणतात आणि शेजारच्यात कॉपी.

यातली फसवणूक नेमकी कुठे होते ते सांगतो. मूळ फोनमध्ये ओलेड पॅनेल असते. त्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्याला मागे दिवा लागत नाही. बाजारातला स्वस्त पर्याय एलसीडीचा असतो. त्याला दिव्याचा थर लागतोच, म्हणून तो जाड. तो फ्रेमच्या वर नखभर उभा राहतो आणि गम त्याला धरून ठेवू शकत नाही. काळा रंग राखाडी दिसतो, सेकंदाला १२० वेळा ताजा होणारा (१२० हर्ट्झचा) पडदा ६० वर येतो, बॅटरी लवकर उतरते. आणि पडद्याखालचा ठशाचा प्रकाशीय सेन्सर चालतच नाही, कारण ओलेडमधून उजेड आरपार जातो तसा दिव्याच्या थरातून जात नाही. ग्राहक सेन्सर बिघडला म्हणून पुन्हा चकरा मारतो. सेन्सर ठीक असतो. तुम्ही जाहिरातीत नकली भागांपासून सावध राहा म्हणता ते खरेच आहे, पण अस्सल भागाचे कपाट तुम्हीच कुलूपबंद ठेवले आहे. नकलीचा बाजार त्या कुलपावरच चालतो.

दुसरी : सॉफ्टवेअरचे कुलूप. अस्सल पॅनेल, अगदी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनमधून काढलेले, बसवले तरी काही फोन त्याला आपोआप ओळख देत नाहीत. २०२१ मध्ये आयफोन १३ बाजारात आला तेव्हा बाहेर पडदा बदलला की फेस आयडी, म्हणजे चेहरा पाहून लॉक उघडण्याची सोय, बंद पडत असे. वाचवायचा तर जुन्या पडद्यावरची चिप सोडवून नव्यावर डकवावी लागे. जगभर ओरड झाली आणि आयओएस १५.२ मध्ये ॲपलने ते मागे घेतले. म्हणजे ते तांत्रिक बंधन नव्हते, सॉफ्टवेअरच्या एका अपडेटने सुटणारी गाठ होती. ठशाच्या सेन्सरला बोर्डाशी जोडून ठेवण्यामागे सुरक्षेचे कारण आहे, ते आम्ही समजू शकतो. पण खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडद्याचा रंग बदलण्यासारखी सोय अशीच बांधून ठेवण्यात कोणते गुपित आहे? पडद्याखालच्या ठशाच्या सेन्सरचे कॅलिब्रेशन, म्हणजे नव्या पडद्याशी जुळवणी, करण्याचे साधन तुमच्यापैकी अनेकांच्या फक्त सर्व्हिस सेंटरच्या लॉगिनला का दिसते? अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२४ मध्ये सुट्या भागांना असे सॉफ्टवेअरने बांधून ठेवण्यावर कायद्यानेच बंदी घातली.

तिसरी, उघडण्याचा मार्ग. काही मॉडेलांत डिस्प्लेची रिबन बॅटरीच्या खालून नेलेली असते. पडदा फुटला म्हणून बॅटरी उपटायची, आणि ती बॅटरी अंगभर गमाने चिकटवलेली. घरच्या कामातला खरा धोका इथे आहे. धातूच्या पट्टीने बॅटरी उचकटायला गेले, ती वाकली किंवा टोचली गेली, तर धूर आणि आग. ‘ग्राहकाच्या सुरक्षिततेसाठी’ तुम्ही फोन उघडू नका म्हणता, तो धोका बऱ्याच अंशी तुमच्या गमाने आणलेला आहे. ओढून काढायची पट्टी लावलेल्या बॅटऱ्या तुम्हीच इतर मॉडेलांत वापरता. २०२४ च्या आयफोन १६ मध्ये तर बॅटरीचा गम ९ व्होल्टच्या साध्या बॅटरीचा प्रवाह दिला की सुटतो. तेव्हा जमत नाही असे नाही.

चौथी म्हणजे स्क्रू. एकाच झाकणाखाली चार लांब्यांचे स्क्रू, दिसायला सारखे, फरक अर्ध्या मिलिमीटरचा. आखूड स्क्रूच्या भोकात लांब गेला की तो बोर्डाच्या आतल्या थरातली तांब्याची वाट कापतो. स्क्रू हाताला छान घट्ट बसतो, म्हणून संशयही येत नाही. फोन मात्र सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन टच मेलेला असतो. म्हणून तो वर सांगितलेला कागद. जुळ्या दिसणाऱ्या स्क्रूंना वेगवेगळे रंग देण्याचा खर्च किती असेल, तुम्हीच सांगा. आणि पाच पाकळ्यांचा पेंटालोब, तीन पाकळ्यांचा वाय असे डोक्याचे प्रकार कशासाठी, हा प्रश्न आम्ही विचारायचाही सोडून दिला आहे.

एका स्क्रूवर पांढरे स्टिकर असते, ते फाटले की वॉरंटी गेली. पडदा बदलला म्हणून सहा महिन्यांनी चार्जिंग पोर्टची वॉरंटी नाकारणे कोणत्या हिशेबात बसते, हे एकदा लेखी कळवा.

फ्रेमबद्दल थोडे वेगळे म्हणणे आहे, आणि त्यावर आमच्यातही दोन मते आहेत. महाग ओलेड फोनचा फोल्डर तुम्ही सर्व्हिस सेंटरला फ्रेमसकट देता, कधी बॅटरीही चिकटवूनच. काहींना ही लूट वाटते. घरी काम करणाऱ्यासाठी मात्र फ्रेमसकटचा भाग जास्त सुरक्षित, असे आमच्यातल्या बहुतेकांचे मत. काच खरवडायची नाही, कडेचा गम नाही. बोर्ड, स्पीकर, कॅमेरे, थरथरण्याची मोटर आणि अँटेनाची तार या फ्रेममधून त्या फ्रेममध्ये हलवायची. वेळ दुप्पट लागतो, पण काही फुटत नाही. नुसता ओलेड फ्रेममधून सोडवणे हे भल्याभल्यांच्या हातून बिघडते. कडेला पिक दोन मिलिमीटर जास्त आत गेली की हिरवी रेघ किंवा शाई सांडल्यासारखा काळा डाग. तेव्हा दोन्ही प्रकार विका आणि दोन्हींची किंमत वेगळी सांगा.

तुमचा एक आक्षेप आधीच माहीत आहे : हे सगळ्यांना जमणारे नाही. बरोबर. पडदा न पडता, न आपटता एका बाजूने आपोआप उचलला गेला असेल तर आत बॅटरी फुगली आहे. तिथे ड्रायर लावणे म्हणजे आगीला निमंत्रण. घडी होणारा फोन घरी उघडू नये. कडेला वळलेली काच नवशिक्याने हातात घेऊ नये. पाण्यात पडलेल्या फोनचा नुसता पडदा बदलून भागत नाही. आणि फोन एकदा उघडला की आयपी ६८ हा पाणी-धूळ आत न जाण्याचा शिक्का उरत नाही, नवी सील लावली तरी त्याची हमी घरी कुणी देऊ शकत नाही. हे आम्ही लोकांना सांगतोच. तुम्ही सांगितले तर जास्त लोक ऐकतील. पण ज्यांना जमते त्यांनाही मनाई करणे हा त्यावर उपाय होत नाही.

दुसरा आक्षेप : परवडणार नाही. मग तुम्हीच बाहेर काय करता ते पाहा. ॲपलने एप्रिल २०२२ मध्ये आणि सॅमसंगने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत ग्राहकांना डिस्प्ले, हत्यारे आणि पुस्तिका द्यायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने १ जुलै २०२४ पासून १०० डॉलरच्या वरच्या उपकरणांचे भाग आणि माहिती सात वर्षे द्यावी लागते. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या प्रत्येक स्मार्टफोनला लेबल लागते, त्यावर दुरुस्तीची श्रेणी ए ते ई अशी छापलेली असते. मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षे डिस्प्ले पुरवावा लागतो, ग्राहकालाही, आणि भागांच्या किमती उघड्यावर ठेवाव्या लागतात. तिथे विकला जाणारा फोन आणि इथे विकला जाणारा फोन पुष्कळदा एकच असतो. तिथल्या डब्यावर दुरुस्तीची श्रेणी, आपल्या डब्यावर कमाल किरकोळ किंमत.

आपल्याकडे कायद्याला हा विषय नवा आहे असेही नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग खुल्या बाजारात न देणाऱ्या १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण मुद्दा तेव्हाच नोंदला गेला : गाडी विकली म्हणून तिच्या ब्रेकपॅडचा मक्ता तुमच्याकडे येत नाही. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. त्यावरून फोन कंपन्यांच्या पानांवर गेले की बहुतांशी ग्राहक सेवेचे क्रमांक आणि वॉरंटीच्या अटी भेटतात. पडदा कसा उघडायचा, हे भेटत नाही.

तर आमच्या मागण्या अशा.

भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मॉडेलचा अस्सल फोल्डर, फ्रेमसकट आणि बिगरफ्रेमचा, कुणालाही विकत मिळावा. सोबत कापून तयार असलेली चिकटपट्टी आणि सील. मॉडेलची विक्री थांबल्यावर सात वर्षे तो मिळत राहावा. मागणी नोंदवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत तो तालुक्याच्या गावी पोचावा.

त्याची किंमत फोन विकतानाच सांगा. डब्यावर, फोनच्या किमतीच्या शेजारी. बारा हजारांच्या फोनचा पडदा पाच हजारांचा असेल तर ते घेणाऱ्याला पैसे मोजण्याआधी कळू दे.

फोन उघडण्याची पुस्तिका खुली करा, मराठीसह भारतीय भाषांत. तिच्यात स्क्रूंचा नकाशा लांबीसकट असावा आणि बॅटरीच्या कनेक्टरची सूचना पहिल्या पानावर.

अस्सल भाग कुणीही बसवला तरी फोनने तो पूर्ण चालवावा. ठशाचे कॅलिब्रेशन सेटिंगमध्येच द्या.

स्टिकरवरून वॉरंटी नाकारणे बंद करा. बिघाड दुरुस्तीमुळे झाला असे म्हणायचे असेल तर ते तुम्ही दाखवून द्या.

फुटलेला फोल्डर सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर परत घ्या, पावती न मागता. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनी कचऱ्याची जबाबदारी तुमच्यावर टाकली आहेच. आमच्या टेबलाखाली खोकी भरून पडली आहेत.

ग्राहक व्यवहार विभागाला एक वेगळी विनंती. निर्देशांकाचे गुण कंपन्यांनी स्वतः जाहीर करायचे असतील, तर डिस्प्लेपुरती तरी बाहेरच्याकडून तपासणी ठेवा. दुकानातून विकत घेतलेला फोन, खुली पुस्तिका, बाजारात मिळणारी हत्यारे, आणि त्या कंपनीत कधीच काम न केलेला माणूस. त्याने फोल्डर बदलून दाखवावा. किती पायऱ्या लागल्या, किती गोष्टी मोडल्या आणि शेवटी ठशाचा सेन्सर चालला की नाही, यावर गुण. अहवालावरची पुढची कारवाई दिवाळीच्या सेलआधी झाली तर बरे. सगळ्यात जास्त फोन तेव्हाच विकले जातात.

उत्तर सर्वांना वाचता येईल अशा ठिकाणी द्यावे, ही विनंती.

कळावे.

आपले,
घरी आणि काउंटरवर फोन उघडणारे

ता.क. हे पत्र वाचणाऱ्यांपैकी कुणी आत्ता फुटका फोन आणि नवा फोल्डर समोर घेऊन बसले असेल, तर फोल्डरवरची संरक्षक फिल्म आणि लेबल, नुसता जोडून सगळी चाचणी होईपर्यंत काढू नका. फिल्म निघाली की दुकानदार तो परत घेत नाही. आणि सिम ट्रे काढलात ना?